हात घातला तिथे वस्तू

२ मार्च, सोमवार

उघडलं. झालं एकदाचं दुकान!

पाटीवर ‘सज्ज’. खाली बारीक अक्षरांत — सौर दिवे, पॅनल, बॅटऱ्या, अडीअडचणीचं सर्व सामान. पाटी माझ्या हातची. ‘मोठं काढा, जावईबापू, अजून मोठं!’ करत सासऱ्यांनी तीनदा पुसायला लावली. आता ‘सज्ज’ एवढं अगडबंब झालंय की निम्मी पाटी शेजारच्या शिंप्याच्या दारावर गेली आहे. तो पाटीकडे बघून कात्री जरा जोरात चालवत होता.

गिऱ्हाइकं दोन. एकाने पत्ता विचारला. दुसऱ्याने अडचणीत वाजवायची शिट्टी वाजवून पाहिली आणि परत हुकाला अडकवली. थुंकीसकट.

३ मार्च

मी इथे का बसलोय? लिहून ठेवावं, म्हणजे म्हातारपणी दुसऱ्या कुणाला दोष देणार नाही.

मी घड्याळजी. माझं दुरुस्तीचं टेबल गेल्या वर्षी बंद पडलं, लोक वेळ फोनमध्ये बघतात. सासरे बत्तीस वर्षं वीज खात्यात वायरमन. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच — लाईट जाणार, मोठी जाणार, आणि लोक उघडे पडणार. ‘घरात बसून काय करणार जावईबापू? या माझ्याबरोबर.’ अहोजाहो करून माणसाला कामाला जुंपायचं, ही त्यांची कला आहे. बायको म्हणाली, ‘बाबा एवढं म्हणतायत.’ मी हो म्हटलं. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. जुना रोग.

शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत अकरा पावलं. रुंदी पाच. खिडकी नाही. माझं स्टूल काउंटर आणि बॅटऱ्यांच्या रॅकमधल्या फटीत. उठताना आधी उजवा गुडघा काढावा लागतो, मग डावा. चुकून उलटं केलं तर बॅटऱ्या अंगावर येतात.

५ मार्च

नियम आले. प्रत्येक वस्तूला हूक, प्रत्येक हुकाला नंबर. बारा — दोर. सतरा — मलमपट्टीची पेटी. अठ्ठावीस — हाताने फिरवून चालवायचा रेडिओ. ‘हात घातला तिथे वस्तू पाहिजे. शोधायचं नाही!’

आणि परीक्षा! दुपारी एकला जेवायच्या आधी शटर खाली ओढलं, मेन स्विच पाडला. भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी कळेना असा अंधार. मग त्यांचा आवाज — ‘अठ्ठावीस!’ मी उठलो, डावा गुडघा आधी काढला. बॅटऱ्या. मग ‘थांबा, मी दाखवतो’ आणि सहा सेकंदांत रेडिओ माझ्या हातात! हसत होते. शटर वर जाईपर्यंत मी कुलपाच्या भोकातून येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघत बसलो.

उद्या परत परीक्षा. परवाही.

७ मार्च

कोणी नाही. मी आणि अठ्ठेचाळीस कंदील.

१० मार्च

आज मनात आलं — एखादं छोटंसं वादळ आलं तर? फार नको, चार खांब पडतील इतपत. मग लाज वाटली. लोकांवर संकट यावं म्हणून वाट बघत बसायचा धंदा! सासऱ्यांना तसं बोललो असतो. बोललो नाही. ‘हो बाबा’ म्हटलं. दिवसात किती वेळा ‘हो बाबा’ म्हणतो ते आज मोजलं. एकतीस.

११ मार्च

वस्तादांचा फोन! ज्यांच्याकडे घड्याळं उघडायला शिकलो ते. सत्तरी ओलांडली असेल. ‘हात थरथरतात आता. माझी खुर्ची तू घे. दुकान, हत्यारं, गिऱ्हाइकं, सगळं. पत्र टाकलंय, त्यात सविस्तर आहे. तीस तारखेपर्यंत कळव, नाहीतर दुसरा माणूस बघतो.’

तिकडे, त्यांच्या गावी, टेबलासमोर खिडकी आहे. खाली नदी. डोळ्याला भिंग लावून बसलं की सकाळ कधी संपते कळत नाही. मी तिथे चार वर्षं होतो आणि चारही वर्षं मला कोणी जावईबापू म्हटलं नाही.

फोन कंदिलांच्या मागे वाकून घेतला. चोरासारखा.

बायकोला सांगितलं नाही अजून. ती शाळेच्या ऑफिसात आहे, बदली मागू शकेल. पण आई गेल्यापासून बाबांना सोडून एक रात्र कुठे राहिलेली नाही. घोडं तिथेच अडतं.

१४ मार्च

सत्यानाश!

चौकातल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना कंदील पोचवायला गेलो होतो. परत आलो तर शिंपी म्हणतो, ‘तुमचं पत्र आलं होतं, पोस्टमन सासऱ्यांकडे देऊन गेला.’ आत आलो. सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात तपकिरी पाकीट. वरून फाडलेलं. कोपऱ्यावर वस्तादांचा जांभळा शिक्का, घड्याळाचं चित्र. तो मी हजारात ओळखीन.

वाचलं त्यांनी. आता काय? फटीत जाऊन बसलो. ते म्हणाले, ‘चौदा नंबरचा हूक पुसून घ्या.’ बस, एवढंच!

१५ मार्च

पांढरा शर्ट. पाकीट खिशात.

१६ मार्च

निळा शर्ट. पाकीट खिशात. म्हणजे रोज आठवणीने बदलून ठेवतात!

१८ मार्च

पट्ट्यापट्ट्यांचा. पाकीट आहेच. चहा पिताना मधूनच त्याच्यावर हात फिरवतात आणि माझ्या दिशेने तोंड करतात. बघतात, पण नजर माझ्या कानाच्या बाजूने जाते. अपमान करायची काय पण पद्धत! दुसऱ्याचं पत्र फोडायचं, वाचायचं, आणि छातीशी घेऊन फिरायचं. मी भीक मागावी अशी वाट बघतायत बहुतेक. ‘बाबा, माझं पत्र द्या.’ पाच शब्दसुद्धा नाहीत. रोज आंघोळीच्या वेळी म्हणून बघतो, छान जमतं.

शटरच्या आत पाऊल टाकलं की नाही जमत.

२० मार्च

आज गेली! संध्याकाळी सहाला सगळ्या भागाची लाईट गेली. दहा मिनिटांत दुकानासमोर ही गर्दी. मला वाटलं, चला, आज तरी हात-पाय हलतील.

सासरे आत उभे. टॉर्चही लावला नाही. ‘बोला!’ म्हणायचे, माणूस सांगायचा, हात जायचा, वस्तू काउंटरवर. लोक अवाक. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिंपीसुद्धा.

आणि मग माझी चूक. सकाळी मी मधला रॅक बदलला होता. मोठे कंदील मागे, छोटे पुढे, जरा नजरेत भरावं म्हणून. सासऱ्यांनी हात घातला आणि मेणबत्त्यांऐवजी सगळी रांगच खाली आली. काचा! ते तिथेच थांबले. हात पुढे, बोटं फाकलेली. मग ओरडले. सगळ्या रस्त्यासमोर! ‘कुणी हलवलं? कुणाला विचारून हलवलं? हात घातला तिथे वस्तू पाहिजे! डोकं आहे की नाही?’

मी काचा वेचल्या. चाळिशीचा माणूस, गुडघ्यावर, गर्दीच्या पायांत. डोळ्यांत पाणी आलं ते अंधारात कोणाला दिसलं नाही, एवढंच बरं.

२१ मार्च

ठरलं. जाणार. रविवारी बायकोला सांगणार, सोमवारी त्यांना.

२३ मार्च

रविवार गेला. सोमवारही गेला. हो बाबा, हो बाबा, हो बाबा.

२४ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी नर्सबाई मोठा टॉर्च बघायला आल्या. सासऱ्यांनी नऊ नंबरवरून काढला. काढताना अंगठा लागला असणार, कारण काउंटरवर आला तेव्हा तो लागलेलाच होता. उन्हामुळे फारसं जाणवत नव्हतं, पण समोरच्या भिंतीवर गोल पडला होता. सासरे म्हणाले, ‘आता बघा हं बाई, उजेड काय म्हणतात तो!’ आणि खट्कन बटण दाबलं.

टॉर्च विझला.

‘बघा! कसा लख्ख! आहे की नाही?’

विझलेला टॉर्च भिंतीवर धरून उभे. चेहरा खुललेला. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग मीच म्हणालो, ‘लख्ख आहे बाबा.’

बाहेर पोचवायला गेलो तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, ‘किती दिवस झाले?’

‘कशाला?’

‘अहो, त्यांना दिसत नाहीये. थोडेफार आकार दिसत असतील. तुम्हाला घरात कोणाला माहीतच नाही?’

२५ मार्च

झोप नाही.

पाटी. अजून मोठं, अजून मोठं. ‘बोला!’ म्हणजे आवाजावरून माणूस ओळखायचा! गेल्या आठवड्यात त्यांची सख्खी बहीण दारात येऊन उभी राहिली तर ‘काय पाहिजे?’ म्हणाले. आम्ही सगळे हसलो होतो, तेही हसले. आत येणाऱ्याचं डोकं लागेल अशी घंटा शटरपाशी बांधून घेतली ती यासाठी. पावती मला लिहायला सांगतात — ‘माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.’ आणि रोजची परीक्षा! मला वाटायचं मला छळतायत. ते स्वतःची तयारी करत होते. बत्तीस वर्षं लोकांच्या घरात उजेड नेऊन दिला, आणि आता हे.

आणि पत्र. अरे देवा, पत्र! वस्तादांचं अक्षर मुंगीएवढं, मलाही भिंग लागतं. ते वाचूच शकले नाहीत. फाडलं, डोळ्याशी धरलं असेल, नाही जमलं. कुणाला विचारणार? मला? लेकीला? कारण सांगावं लागलं असतं. म्हणून छातीशी घेऊन फिरतायत. मी त्यांना काय काय म्हटलंय या वहीत! मागची पानं वाचवत नाहीत.

दुपारी ते घरी गेल्यावर मी डोळे मिटून शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत चाललो. सातव्या पावलाला रॅक आदळला.

२६ मार्च

रॅक होता तसा लावला. इंचाइंचाने. घड्याळजीचा हात आहे, कुठे काय होतं ते आठवतं.

आज कोणी आत आलं की मी आधीच बोलतो. ‘या शिंपीदादा!’ ‘या काकू, छत्री बाहेर ठेवा.’ ‘ताई, लेकीलाही आणलंत वाटतं!’ दुपारपर्यंत घसा बसला. सासरे ऐकत होते. म्हणाले, ‘जावईबापू, आज फार बडबड चाललीय.’

मी पावती-पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने, काउंटर पुसता पुसता, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘चालू द्या. दुकानात आवाज बरा असतो.’

२८ मार्च

बायको विचारत होती, ‘तुमचं दोघांचं काय चाललंय? बाबा काल जेवताना म्हणाले, जावई आहे म्हणून दुकान आहे.’ तिला वाटलं मला आनंद होईल. मी आणखी एक भाकरी घेतली. सांगावं तर त्यांचं गुपित फुटतं. न सांगावं तर वस्तादांचं काय सांगू? कात्रीत सापडणं म्हणजे काय ते शिंप्याला नाही, मला विचारा.

मला जायचंय. हे इथे तरी खरं लिहितो. मला जायचंय, खिडकीपाशी बसायचंय, कोणाला हो न म्हणता एक आख्खी सकाळ काढायचीय. परवा तीस.

३० मार्च

एक वाजता शटर खाली घेतलं. आज परीक्षा नाही. ‘दिवा राहू दे,’ म्हणाले. मग खिशातून पाकीट काढलं आणि हात माझ्या दिशेने धरला, थोडा डावीकडे. मी सरकून घेतलं.

‘हे जरा वाचून दाखव रे. पंधरा दिवस झाले, कोणाचं आहे, काय आहे, कळलेलं नाही.’

रे म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा.

मी भिंग काढलं. वस्तादांनी दोन पानं लिहिली आहेत. शेवटी नदीला पाणी चांगलं आहे, असंही. मी वाचलं — ‘बॅटऱ्यांचा नवा माल पुरवायला आम्ही तयार आहोत, तीस तारखेपर्यंत कळवावे.’

‘आज तीसच ना? मग कळव की त्याला! उगाच बिचाऱ्याला ताटकळत का ठेवायचं? आमचं आहे त्यात भागतंय म्हणावं.’

वस्तादांना तसंच कळवलं.