डबा जड की हलका

अण्णा,

काल कोरमंगलात एका कॉफीच्या दुकानात मला माझ्या लेखांबद्दल बोलायला बोलावलं होतं. पुण्यामुंबईहून बंगळूरला नोकरीला आलेली मराठी मुलं महिन्यातून एकदा तिथं जमतात. एका मुलीनं विचारलं, "आजी, रोजच्या बोअरिंग लाइफमधून तुम्ही स्टोरी कशी शोधता?" मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. माझे वडील सिटी बसमध्ये कंडक्टर होते, रोज जेवताना बसमधली एक गोष्ट सांगायचे, बघायला मी त्यांच्याकडून शिकले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे उत्तर मी इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी दिलं आहे की ते माझं मलाच ऐकू येत नाही. काल मात्र ऐकू आलं, आणि घरी येईपर्यंत माझी चिडचिड चालू होती. तुमच्यावर.

कॉटनपेटेतल्या आपल्या स्वयंपाकघरात तुमचा पाट भिंतीला टेकून असायचा. खाकी शर्ट खुंटीवर, बनियनवर पट्ट्याचा वळ, हातांना नाण्यांचा वास. सारूभाताचा पहिला घास गिळला की आई विचारायची, "हं, आज कोण?" आणि तुम्ही सांगायचात. मार्केटला चढलेली बाई, कडेवर कोंबडी, कोंबडीचं तिकीट काढणार नाही म्हणून भांडणारी. साहेबाचा कोट घालून हिंडणारा शिपाई. मी घास हातात धरून ऐकतेय. मग तुम्ही थांबायचात. "पुढे?" मी विचारायची. "पुढे काय पुट्टी, स्टॉप आला. उतरली." तुमच्या एकाही गोष्टीला शेवट नव्हता. मला रडू यायचं. आई म्हणायची, "अहो, लेकराला काहीतरी शेवट सांगा की बनवून." तुम्ही म्हणायचात, "बनवून सांगायला मी काय हरिदास आहे? स्वल्प ताक वाढ."

त्यातलेच डब्याचे आजोबा. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. जयनगर नुकतं वसत होतं, तुमची बस मोकळ्या माळावरून जायची आणि शेवटच्या स्टॉपला मोजकी माणसं उतरायची. हे आजोबा सकाळच्या फेरीला मार्केटला चढायचे. हातात पितळी डबा, त्याला ओल्या पंच्याची गाठ. गर्दी असली की तुम्ही तो त्यांच्या हातातून घेऊन ड्रायव्हरपाशी ठेवायचात. दुपारच्या फेरीला ते परत यायचे आणि डबा तेवढाच जड. रोज. भरलेला डबा न्यायचा आणि भरलेला परत आणायचा. बाकीच्या गोष्टी एका संध्याकाळच्या असत, ही मात्र महिनेच्या महिने चालली. तुम्ही पाय धुवायच्या आतच आई विचारायची, "जड की हलका?" "जड," तुम्ही म्हणायचात. आईचा तर्क, सासरी रुसलेली लेक असणार. माझा तर्क, डब्यात दागिने असणार. तुम्ही दोघींना हसायचात आणि तुमचा तर्क विचारला की म्हणायचात, "मला कसं ठाऊक? मी तिकीट फाडतो."

मग आई आणि मी मावशीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जयनगरला गेलो. परतीच्या स्टॉपवर ते उभे होते. आईनं डबा पाहिला, गाठ पाहिली आणि सरळ कन्नडात आजोबा अशी हाक मारून विचारलं, "काय तात, आज पण भरलेलाच?" ते दचकले, पण आईशी बोलताना कुणी फार वेळ दचकलेलं राहत नसे. त्यांनी सांगितलं. धाकटी बहीण इथं एकटी राहते. बापाचं घर विकलं तेव्हापासून तिनं बोलणं टाकलं. ते रोज तिच्यासाठी जेवण आणतात, दार वाजवतात, ती उघडत नाही. मग पायरीवर थोडा वेळ बसून परत निघतात. "उघडेल," ते म्हणाले. "आमच्या घरात सगळेच हट्टी. मी पण." आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच भरात ती म्हणाली, "आमचे हे तुमच्या बसचे कंडक्टर. रोज जेवताना तुमचीच गोष्ट असते आमच्याकडे. रोज विचारतो आम्ही, आज जड की हलका!" त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "सरी," म्हणाले, बरं म्हणावं तसं. बस आली, ती तुमची नव्हती. आम्ही चढलो. ते चढले नाहीत. मागच्या बसनं येतो म्हणाले.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही तुम्हाला गोष्ट सांगितली, शेवटासकट. आई पोळी लाटायची थांबून सांगत होती, मी मधे मधे भर घालत होते. तुमचा हात ताटातच राहिला. "तुम्ही त्यांना सांगितलंत? मी घरी बोलतो म्हणून?"

"त्यात काय झालं? चांगलंच बोलले मी."

"माणूस तिकीट काढून बसतो माझ्या बसमध्ये. त्याला बसू द्यावं की नाही?"

एवढंच. ओरडला नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर आईनं दुप्पट ओरडून ते संपवलं असतं. दुसऱ्या दिवसापासून आजोबा तुमच्या बसला आले नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. आणि तुमच्या गोष्टी बंद झाल्या. "आज कोण?" आई विचारायची. "कोण असणार? रश होता." तिनं पुष्कळ दिवस विचारलं. मग तीही गप्प झाली, आणि आपल्याकडे जेवताना नुसता ताटवाट्यांचा आवाज व्हायला लागला. मला त्या आजोबांचं काय झालं हे हवं होतं. बहिणीनं दार उघडलं का? शरमेनं त्यांनी येणंच सोडलं का? आपल्या बोलण्यानं त्यांचा तो डबा बंद पडला की काय, या विचारानं मी अभ्यासाच्या वहीवर नुसती बसून राहायची. मी तुम्हाला म्हटलं, "अण्णा, दुसऱ्या बसच्या कंडक्टरमामांना विचारा ना." तुम्ही पेपर वाचत होतात. पान उलटलंत.

कॉलेजात असताना मराठी मंडळाच्या हस्तलिखितात मी पहिला लेख लिहिला, बसस्टॉपवरच्या फुलवालीवर. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलात. मी दारात उभी. "तिथनं जयनगरची बस जात नाही," म्हणालात आणि वही परत दिलीत. चांगलं नाही, वाईट नाही. मी ते वाक्य दुरुस्त केलं. अजूनही लेख पाठवण्याआधी कुठली बस कुठून जाते ते मी पुन्हा तपासते.

तुम्ही गेलात तेव्हा राजाजीनगरचे मामा भेटायला आले. डेपोतले तुमचे दोस्त, दुसऱ्या बसचे कंडक्टर. खुर्ची नको म्हणून जमिनीवरच बसले. बोलायचं म्हणून बोलता बोलता म्हणाले, "त्या डब्याच्या तातांना तुझ्या अण्णांनीच माझ्या बसला पाठवलं ना. स्वतः स्टॉपवर जाऊन त्यांना म्हणाले, ह्या फेरीला या, ह्या कंडक्टरला घरी बोलायची सवय नाही. आणि मला ताकीद, काही विचारायचं नाही. डबा फक्त ड्रायव्हरजवळ ठेवायचा. मग रोज कँटीनमध्ये मला विचारायचे, जड की हलका?"

मी विचारलं, "मग?"

"मग काय, एकदा हलका झाला की! मी सांगितलं. ते म्हणाले, सरी. मला कॉफी पाजली. ड्यूटीवर गेले."

आई आत पडून होती, ती तशीच उठून बाहेर आली. "आणि हे घरी सांगायला ह्यांना काय झालं होतं?" गेलेल्या माणसावर इतकं चिडलेली बाई मामांनी पाहिली नसावी. ते बिचारे म्हणाले, "अक्का, मला कशाला विचारता." सुतक फिटेपर्यंत आईचं तेच चाललं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगे, "डबा हलका झाला, आणि मला सांगितलं नाही!" बायकांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

आईचा राग शांत झाला. माझा झाला नाही. तुम्ही त्या माणसाचा मान राखलात, हे मला पटतं, मीही बऱ्याच माणसांचा राखला आहे, नावं बदलून, गल्ल्या बदलून. पण आम्ही काय केलं होतं? तुमच्या समोर बसून जेवणाऱ्या दोघी. त्याच्यासाठी एक दार बंद होतं म्हणून तुम्हाला इतकी काळजी, मग आमच्यासाठी तुमचं का उघडलं नाहीत? एक शब्द पुरला असता. "हलका" म्हटलं असतंत तर आई त्या रात्री शिरा करून बसली असती.

मामांना मी खोदून खोदून विचारलं, केव्हा झालं हे? दसऱ्याआधी की नंतर? मी शाळेत होते की कॉलेजात? "ते आता कुठं आठवायचं ग," म्हणाले. तेव्हापासून हा लेख मी कितीदा लिहायला घेतला आहे. लेख द्यायचा दिवस तोंडावर आला की मी भराभर लिहिते, ते मला जमतं. त्यात डबा हलका झाला त्या दिवशी तुम्ही वेळेआधी घरी येता. एका खेपेस आईसाठी मोगरा आणलात, एका खेपेस न मागता दुसऱ्यांदा भात घेतलात, एका खेपेस माझ्याकडे बघून उगीच हसलात. प्रत्येक वेळी ते छान वाचलं जातं आणि प्रत्येक वेळी मी ते फाडते, आणि त्या आठवड्यात वाचकांना भाजीवाल्यावरचा लेख मिळतो.

कारण मला ती संध्याकाळ आठवत नाही, अण्णा. मी तिथं होते. तुमच्या समोरच्या पाटावर, हातभराच्या अंतरावर, तुम्ही सांगणार नाही असं धरून चालून खाली मान घालून जेवत होते. तुमच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नसणार. हे मी काल त्या मुलीला सांगितलं नाही.