जास्तीची डहाळी

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९५३
पहिला मुक्काम, कामणच्या वर

निघालो एकदाचे! जूनपासून भुईगावच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवतोय आणि पूर्वेला रोज दिसणाऱ्या डोंगरांतलं मला ओ की ठो ठाऊक नव्हतं. दिवाळीची सुट्टी संपायला आठवडा आहे. चार दिवस, तीन खिंडी आणि उघड्यावर मुक्काम, हा बेत प्लासिडचा. हा आमच्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर, राहतो आमच्याच आळीत. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्याच्या उलट वाटाड्या दयाराम. कामणचा, पन्नाशीचा, काटक. कमरेला कोयता, खांद्यावर घोंगडी आणि तोंडाला कुलूप.

मंदालाही यायचं होतं. वैशाखात लग्न झाल्यापासून मी कुठे निघालो की ही आधी तयार. तुमच्यापेक्षा मीच जास्त चालेन, म्हणाली. पण घरमालकीण रुक्मिणीकाकू आडव्या आल्या. बाईमाणसाने रानात मुक्काम करायचा म्हणजे काय! झालं, मंदा फुरंगटून मागच्या दारी जाऊन बसली. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

बरोबर बाराला पहिली खिंड लागली. तिथे एका शेंदऱ्या दगडापुढे डहाळ्यांचा ढीग आहे. आत शिरताना प्रत्येकाने एक हिरवी डहाळी ठेवायची आणि डोंगरातून बाहेर पडताना, ज्या खिंडीतून पडाल तिथे, पुन्हा एक. "जेवढी मानसं आत, तेवढीच भाएर," दयाराम म्हणाला. "डोंगर मोजून घेतो, मास्तर." प्लासिडने आधी क्रूसाची खूण केली, मग डहाळी ठेवली. दोन्हीकडचा बंदोबस्त! दयाराम पुढे गेल्यावर मी आणखी एक डहाळी तोडून ठेवली आणि मोठ्याने म्हणालो, "ही आमच्या मंदाची." प्लासिड पोट धरून हसला. घरी गेलो की तिला सांगणार आहे, रुसतेस कशाला, तूही आली होतीस.

संध्याकाळी ओढ्याकाठी चूल मांडली. भाकरी, सुके बोंबील आणि वर प्लासिडच्या आईने दिलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. पाय बोलतायत, पण मन मजेत आहे.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर
दुसऱ्या खिंडीखाली, दुपार

सकाळी चाल छान झाली. गवत पिवळं पडलंय, ऊन कोवळं. जेवायला दयारामने पळसाची पानं मांडली ती चार. आम्ही तिघे. प्लासिडने विचारलं, चौथा कोण, तुझा सासरा का? दयाराम हसला नाही. हात आपसूक गेला, म्हणाला, आणि पान उचलून ठेवलं.

त्यानंतर कातळावरून जाताना मला मागे जोडवी वाजल्यासारखी वाटली. वळून पाहिलं, कोणी नाही. ओढा ओलांडून आलो तेव्हा काळ्या दगडावर आमच्या पावलांच्या मागे आणखी पावलं उमटलेली होती. ओली, लहान, अनवाणी. आम्ही तिघांनी ती उन्हात वाळताना पाहिली. प्लासिड तेव्हापासून सारखा मागे वळून बघतोय.

मग मी दयारामला चौथ्या डहाळीचं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खालीच बसला. "बोलावलंत तर येनारच ना ती," एवढंच म्हणाला.

शनिवार, १४ नोव्हेंबर
संध्याकाळ

काकूंच्या वाडीतला गडी रामू आम्हाला शोधत दुपारी इथवर आला. मंदा गुरुवारी दुपारी बारापासून उठलेली नाही. श्वास चालू आहे, अंग गरम आहे, पण हलवून, पाणी मारून जाग येत नाही. वसईचे डॉक्टर येऊन गेले. त्यांना काही उमगलं नाही.

मी तसाच धावत सुटणार होतो. दयारामने मनगट धरलं. ती इथे मोजली गेली आहे, म्हणाला, तिला न घेता उतरलात तर ती इथलीच. पहिली खिंड दोन दिवस मागे, तिसरी उद्या सकाळी. तिथून तिला बाहेर काढायचं, तिच्या नावाची डहाळी ठेवायची. मग घरी जाग येईल. रामू निरोप देऊन आल्या वाटेने परतला.

तेव्हापासून मी मागे बघत बोलत होतो. मंदा, चल, थोडंच राहिलंय. जोडवी वाजत होती. माझं चुकलं गं. हजारदा चुकलं.

आता दयारामने पानं मांडली. पाच.

तो म्हणतो, मागे चालणारी एकलीच असेल असं नाही. डोंगरातल्यांनाही बाहेर पडायचं असतं, ते वाट बघून असतात. डहाळी मात्र एकच. कोण कुठली ते तो सांगू शकत नाही. "बायको तुमची, मास्तर. तुमीच वळखा."

रविवार, १५ नोव्हेंबर
सकाळी दहाच्या सुमारास

खिंड ओलांडली. दम खायला टेकलोय. 

वर पोचलो तेव्हा जोडवी अगदी पाठीशी होती. चार पावलांवर. शांत. आणि खालून, दरीतून, हाक आली. मंदाचाच आवाज. "काशिनाथ! थांबा! काशिनाथ!"

पुन्हा पुन्हा. रडून.

प्लासिड म्हणाला, तीच आहे रे. पण मंदा मला 'अहो' म्हणते. उखाण्यापलीकडे तिने माझं नाव कधी उच्चारलेलं नाही. चारचौघांत नवऱ्याला नावाने ओरडेल ती माझी बायकोच नव्हे. फसवायचं तर नीट फसवावं! मी पाठीशी उभी होती तिची डहाळी ठेवली आणि उतरलो. हाक बराच वेळ येत होती.

रविवार, रात्री
घरी

उठली! साडेनऊला डोळे उघडले. मी वर डहाळी ठेवली तेव्हाच. काकू देवापुढे साखर ठेवून रडत होत्या. मीही रडलो, लाजलो नाही. तिने नुसतं पाहिलं माझ्याकडे.

सोमवार, १६ नोव्हेंबर

अजून एक शब्द बोललेली नाही. काकू म्हणतात, अशक्तपणा. असेल.

पण मंदा भांडायला हवी होती. मला सोडून गेलात ना, म्हणून.

विहिरीवर गेलो, मागे आली. ओटीवर आलो, मागे. चार पावलं. तेवढंच अंतर. थांबलो की थांबते.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

प्लासिड आला. आत येईना. आळीतूनच बोलला, मान खाली घालून.

दयाराम काल तिसऱ्या खिंडीत जाऊन आला. हाक अजून येते. आवाज बसलाय. आता नुसतं नाव नाही. म्हणते — अहो, मी लाज सोडली. नाव घेऊन ओरडले. त्याशिवाय तुम्ही थांबला नसतात. तरी थांबला नाहीत.

ती मंदा. ती मंदा होती. माझी मंदा दोन दिवस तिथे, एकटी — आणि मी शहाणा —

आज निघालो तर संध्याकाळी खिंडीत. दयाराम म्हणतो, आवाज उद्यापर्यंत राहील असं वाटत नाही. मला काही झालं तर प्लासिड, तू जा. म्हणून हे लिहून ठेवतो. वही खिडकीत —

ती दारात येऊन उभी आहे. पहिल्यांदाच माझ्या पुढे. कडी लावली.

बाजूला हो म्हटलं. मान हलवते. हसते.

प्लासिड अजून आळीतच आहे. पाठमोरा. दहा पावलांवर. खिडकीतून हाक मारली. पुन्हा मारली. त्याला ऐकू कसं येत नाही, मी एवढ्या मोठ्याने, त्याचं नाव घेऊन —