डाव्या रकान्यातलं वाक्य

बाबा,

तुम्ही दरीतून वर आणून दिलेल्या वहीत मी दुसऱ्या दिवशी एक वाक्य लिहिलं होतं: 'काकांनी बाबांना पुन्हा खाली पाठवलं.' ते डाव्या रकान्यात आहे आणि ते चूक आहे. सोळा वर्षांनी दुरुस्ती करते आहे.

रकाने तुमचेच. तुमची बदली नेहमी वर्षाच्या मधेच यायची, म्हणून पाचवीपर्यंत तुम्हीच मला घरी शिकवलंत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वर्दी चढवण्याआधी तासभर. पानावर एक उभी रेघ. डोळ्यांनी पाहिलेलं डावीकडे, ऐकलेलं उजवीकडे. त्या सुट्टीत आई छावणीतल्या घरीच थांबली आणि आपण दोघं काकांकडे गेलो, सातपुड्याच्या माथ्यावरच्या त्या लहानशा गावात. कड्यावर उभं राहून तुम्ही सांगितलंत, की हा सगळा काळा दगड म्हणजे ज्वालामुखीतून वाहत आलेला लाव्हा, थरावर थर थंड झालेला. मी लगेच डावीकडे लिहायला लागले, तर तुम्ही पेन्सिल धरलीत. "ज्वालामुखी पाहिलास?" "नाही." "मग तो उजवीकडे. दगड डावीकडे." काका हसायला लागले. "दादा, पोरीले शिकवून राहिला का कोर्टात साक्षीले उभी करून राहिला?"

मग आपण झऱ्यावर उतरलो. वर परत आल्यावर मी म्हटलं, "बाबा, माझी वही खाली राहिली." काका म्हणाले, "राहू दे दादा, ऊन पाह्य. संध्याकाळी मी आणून देतो." तुम्ही म्हणालात, "तोवर माकडं पान तरी ठेवतील का?" आणि उतरलात. तेव्हा पायऱ्या नव्हत्या. तुम्ही वर आलात तेव्हा वही पट्ट्यात खोचलेली होती आणि चेहरा राखेसारखा झाला होता. तुम्ही दगडावर बसता. काका जीप आणायला धावतात. मी वही हातात घेऊन उभी आहे, पानं ओली झालीत का ते बघते आहे. दवाखाना घाटाखाली होता. घाट उतरून होण्याआधीच तुम्ही गेलात.

संध्याकाळी काकू रडत रडत काकांना म्हणाली, "तुम्हीच धाडलं त्यांना खाली." ती दिवसभर घरात होती, तिने काहीच पाहिलं नव्हतं. मी दाराआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी डावीकडे लिहून टाकलं. लहान होते, गोंधळले होते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण डावीकडे लिहिलेल्याबद्दल घरात कोणी पुन्हा विचारत नाही, हे मला तेव्हा चांगलं माहीत होतं.

तेरवीला आईने ती वही वाचली. सगळ्यांसमोर काकांना म्हणाली, "माझी पोरगी न पाहिलेलं इकडे लिहीत नाही. तिच्या बाबांची शिकवण आहे." काका खाली बघत राहिले. त्यानंतर त्या घराशी ना फोन, ना पत्र. वही चंदीगडजवळ, पंचकुल्यातल्या घरी आईच्या कपाटात आहे, तुमच्या पदकांशेजारी. कुणी नातेवाईक आले, की ती काढून दाखवते.

मी चंदीगडच्या पलीकडे, खरड नावाच्या गावात दोन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहते आणि चंदीगडला सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासमध्ये उत्तरसूची तपासते. पोरं येतात, "मॅम जी, सत्रह नंबर का आन्सर गलत है, पक्का." मी पुन्हा सोडवून बघते, आणि चूक निघाली तर त्याच संध्याकाळी फलकावर दुरुस्ती लावते. सगळे म्हणतात, हिच्याइतकं काटेकोर कुणी नाही. ऐकताना मला काही होत नाही.

गेल्या महिन्यात त्या गावाला जाऊन आले. आईला सांगितलं, नागपूरला मैत्रिणीचं लग्न आहे. कड्याला आता लोखंडी कठडा आहे, त्याला टेकून लोक भुट्टे खातात, फोटो काढतात. झऱ्यापर्यंत पायऱ्या झाल्या आहेत. मी उतरले, चढले. दमसुद्धा फारसा लागला नाही. काही वाटेल म्हणून थोडा वेळ त्याच दगडाजवळ थांबले. काही वाटलं नाही. हे डावीकडे.

काका आता वाकून चालतात. दार उघडून म्हणाले, "चंदीगडची पोरगी आली! पण लस्सी नाही भेटणार बाप्पा, आमच्याकडं कॉफीच हाय." काकू बाजारात गेली होती. मी कपाला हात न लावता सगळं एका दमात सांगितलं, घोकून गेल्यासारखं. मग विचारलं, "तुम्ही आईला का नाही सांगितलं?"

ते बशी पुसत म्हणाले, "तेरवीच्या घरात अकरा वर्षांच्या पोरीले खोटं पाडू काय मी? बाप गेला होता तुहा." मग म्हणाले, "पी. निवून राहिली."

मी प्यायले. साखर जास्त होती. निघताना त्यांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली. वर त्यांच्या अक्षरात एकच शब्द आहे, 'वहिनींस'. "आल्या तर आल्या," म्हणाले.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. दोन रविवार पत्रिका माझ्या पर्समधून पंचकुल्याला गेली आणि तशीच परत आली. मागच्या वेळी आई चकोल्या वाढता वाढता म्हणाली, "पर्स काहून छातीशी धरून बसली?" मी म्हटलं, "ऑफिसचे कागद आहेत." तिने लगेच विश्वास ठेवला. तिने माझ्यावर आणखी किती ठिकाणी असाच विश्वास ठेवला असेल, ते मला मोजायचं नाही. तिच्या घरात माझं प्रत्येक वाक्य आजवर डावीकडे लिहिलं गेलं आहे. यानंतर तसं राहणार नाही, याचीच मला भीती आहे, काकांनी काय सोसलं ते मागाहून आठवतं. हेही तुम्हाला सांगून टाकते.

वही मागून घेईन. ते वाक्य खोडून खाली लिहीन: 'वही मी विसरले. काका राहू दे म्हणाले. बाबा आपणहून उतरले.' मग पत्रिका देईन. हे पत्र मात्र कुणाला दाखवणार नाही, वहीतही ठेवणार नाही. घडलेलं अजून काहीच नाही, म्हणून उजवीकडे लिहिते: येत्या रविवारी, जेवायला बसण्याआधी.