माझी पहिली माळ

४ एप्रिल
झाली! झाली एकदाची माळ! आकाशी-पांढरे मणी, मध्ये लाल डोंगर, खाली धूर दिलेल्या कातड्याच्या झालरी. आरशासमोर उभी राहून वेड्यासारखी हसत होते. मी कॅलगरीत वाढलेली, मणी ओवायची सुई धरली ती इथे मोर्लीच्या आदिवासी वस्तीत, पन्नाशीला — आणि हे मी केलं! जुलैत पॉववॉव मेळ्याच्या रिंगणात पहिल्यांदा नाचणार, ते हीच घालून.

५ एप्रिल
सासूबाईंना दाखवली. चष्मा चढवला, माळ उलटी करून गाठी पाहिल्या. "छान झालीय. कुणाला देणार?"

इथली रीतच ती: आपल्या हातची पहिली वस्तू देऊन टाकायची असते. ठेवली तर हात आखडतो म्हणतात. माहीत होतं मला! सोयीस्करपणे विसरले होते. पण नाही द्यायची मला. नाही म्हणजे नाही!

९ एप्रिल
युक्ती सुचली. एक वाकडीतिकडी माळ ओवायची आणि तीच पहिली म्हणून देऊन टाकायची. कुणाला कळतंय!

१४ एप्रिल
कळलं. मुद्दाम चुकणंही जमत नाही, हात आपोआप सरळ ओळी धरतो. सासूबाईंनी एकच नजर टाकली. "वा गं सूनबाई! शिकाऊ हाताची गाठ इतकी पक्की?" नवरोबा क्लिफर्ड चहा फुंकत म्हणाला, "आई, हिची पहिली माळ दुसरीनंतर झाली." मायलेक इतके हसले की मलाही आवरेना. तिकडे तव्यावर बॅनकची भाकरी करपली. तशीच खाल्ली, जॅम लावून.

११ जुलै
शाल, मोकॅसिनचे जोडे, सगळा पोशाख तयार. उद्या पॉववॉव. माळ सासूबाईंच्या हातात ठेवली. "तुम्हालाच दिली."

"म्हणजे घरातच राहील! बरी हुशार आहेस." परत माझ्या हातात! "जिला ओळखत नाहीस तिला दे. आणि तोंड पाडून देऊ नकोस."

१२ जुलै, दुपार
दिली.

रिंगणाच्या कडेला एक म्हातारी बसली होती, मांडीवर घोंगडी. तिची सून म्हणाली, "लेक गेल्यापासून नाचल्या नाहीत. शोकाचं वर्ष कधीच सरलं, पण उठतच नाहीत." मी माळ तिच्या गळ्यात घातली. ती एकेक मणी चाचपत राहिली. मला रडू आलं. तिच्यासाठी नाही हं — माळेसाठी! खरं ते लिहिते.

१२ जुलै, संध्याकाळ
बायकांचा नाच पुकारला. ढोल सुरू झाला आणि माझे पाय जागचे हलेनात. गळा कसा उघडा-उघडा वाटत होता. तेवढ्यात कुणीतरी हात धरला. म्हातारी! घोंगडी खुर्चीवर टाकून आलेली, माझी माळ घालून.

"चल पोरी," म्हणाली. "एकटीने जायला मलाही भीती वाटते."

नाचलो दोघी!