लपवलेलं नाव

मंगळवार, संध्याकाळ. जयनगर

नेट हळू चालतंय म्हणजे खालच्या घरमालकीण अक्काच आपलं वापरत असणार, हे माझं मीच ठरवलं. मीटिंगच्या आधी वाय-फाय वरच्या खोल्यांत पोचवणाऱ्या एक्स्टेंडरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कचं नाव लपवून टाकलं. लॅपटॉप नव्याने जोडला, हिरवा दिवा लागला, फोन सायलेंट करून कामाला बसले. बाबांचा फोनही नेटवरून तुटला असेल, तोही पुन्हा जोडावा लागेल, हे सुचलंच नाही मला. कसं नाही सुचलं?

आज तिकडे जर्मनीत वहिनीचं ऑपरेशन. दादा नेटवरूनच फोन करतो. मागच्या खोलीत बाबा फोन हातात धरून बसलेले, आणि मी त्या हिरव्या दिव्यावर खूश!

तेवढ्यात दार वाजलं. अक्का धापा टाकत वर आल्या होत्या. "अगं, दादा मघापासून लावायलाय तुझा, कुणीच उचलेना. घे, बोल." त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच नेटवर.

वहिनी बरी आहे.

"बाबा, फोन येत नाहीये हे मला सांगायचं तरी!"

"तुझं काम चाललं होतं," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, वाईट बातमी असेल, म्हणून तो करत नसेल."