बाहेरची कडी

बाबा,

राग नाही, हे आधी सांगतो. आई माझ्या हातून गेली तेव्हा मी भानावर नव्हतो, म्हणून कोर्टाने मला तुरुंगाऐवजी या इस्पितळात ठेवलं. सोडायचं का, हे दरवर्षी समिती ठरवते. काल डॉक्टरसुद्धा हो म्हणाले. तेवढ्यात माझी बाजू घ्यायला म्हणून तुम्ही बोललात, "काळजी नको साहेब, घरी त्याच्या खोलीला बाहेरून कडी बसवलीय."

समितीच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बापालाच भीती वाटते, तर आम्ही कसं सोडायचं?"

झालं.

हे पत्र पाठवलं तर तुम्ही लगेच कडी काढाल. पुढच्या वर्षी मी घरी येईन आणि तुम्ही रात्र रात्र जागे राहाल. इथला वॉर्डबॉय कडी लावून निदान घोरतो तरी.

तुमचा,
थोरला