सिंधूताईंच्या वाटचं बिल

५ मे, सोमवार

पुण्यात तीन वर्षं जिभेले लगाम लावून मला-तुला केलं. आता आपल्या गावी परत आली, हुश्श. या वहीत तरी मी मले-तुले लिहीन, कोणाच्या बापाची भीती नाही.

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. हिंगण्याच्या एमआयडीसीत कूलरचे पंप बनवणारा छोटासा कारखाना, मालक रामाजी हटवार. गेल्या गेल्या त्यांनी तर्री-पोहे मागवले, अन् तर्री अशी की नाकाडोळ्यातून पाणी. ऑफिसात दोघंच: बिलं करणारी रितिका अन् माल पाठवणारा स्वानंद. मागच्या हंगामात कोणीतरी डीलरचे भाव बाहेर फोडले, तेव्हापासून मालकाची झोप उडाली. म्हणून मले आणलं. कोण किती काम करते ते पाहायचं अन् माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही.

साडेपाचले सुट्टी, सहाच्या आत जयताळ्याले घरी. मले तेवढंच पाहिजे होतं. नवरा कोराडीच्या पॉवर स्टेशनात शिफ्टवर, भूमिका सहा वर्षांची. पुण्यात ही पोट्टी पाळणाघरातल्या बाईले आई म्हणाली, त्याच रात्री मी राजीनामा लिहिला. आता शाळेच्या सुट्टीत दिवसभर ती शेजारच्या काजलकडे राहते, पण संध्याकाळी दार मीच उघडते.

६ मे

बाप्पा, काय लोक आहेत! इथं सगळे एकाच नावानं काम करतात. कम्प्युटर उघडा, ‘सिंधू’ टाका, पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवलेला. मी कपाळाले हात लावला.

सिंधूताई म्हणजे इथली जुनी बिलवाली बाई. मागच्या मे महिन्यात भर दुपारी खुर्चीतच गेली. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, म्हणून रविवारीही येऊन बसायची म्हणे. तिची खुर्ची रिकामी होती, ती मले दिली. गादी मऊ आहे.

अजून एक गंमत. संध्याकाळी निघताना रितिका एक बिल अर्धं सोडते. ताईंच्या वाटचं, म्हणते. सकाळी ते पूर्ण झालेलं असते. कोण करते म्हणून विचारलं तर म्हणाली, ताईच. स्वानंदनंही मान हलवली, दूधवाला दूध टाकून गेला असं सांगावं तशी. एकमेकांले येड्यात काढून राहिले, दुसरं काय.

९ मे, शुक्रवार

सगळं बसवलं. प्रत्येकाले वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. काम चालू असलं की नावापुढे हिरवा ठिपका, हात थांबला की लाल. अधूनमधून कॅमेरा आपोआप फोटो काढते. ऑफिसचं दार आता अंगठा लावल्याशिवाय उघडत नाही. अन् नियम पक्का: एका नावावर एकच माणूस. दुसरा आला की पहिला आपोआप बाहेर.

शेवटी ‘सिंधू’ हे नाव काढून टाकलं. रितिकाचा चेहरा उतरला. आज ताईंनी काय करावं म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आराम करू दे बिचारीले. मालकाले सांगितलं तर ते उगाच टेबलावरची धूळ पुसत बसले. ताईले काम लागते गा स्वानंद, एवढंच म्हणाले, तेही माझ्याकडे न पाहता.

१२ मे, सोमवार

पहिला रिपोर्ट आला. सगळ्यात जास्त काम कोणाचं? सुरुचीचं, म्हणजे माझं. रविवारीही दिवसभर हिरवा ठिपका. रविवारी मी फुटाळा तलावावर भूमिकाले भेळ खाऊ घालून राहिली होती.

पासवर्ड फुटला असंल. बदलला, कोणाले सांगितला नाही. रितिकाले चांगलं झापलं. ती माझ्या खुर्चीकडे पाहत राहिली.

१३ मे

रविवारचे फोटो उघडून पाहिले. सगळ्यात खुर्ची रिकामी. पण गादी दबलेली, कोणी बसल्यावर दबते तशी. मी आज उभ्यानंच काम केलं. कंबर दुखून राहिली.

१४ मे

दुपारी रितिकासोबत मागच्या शेडमध्ये जेवली. परत येऊन पाहते तर जेवणाच्या वेळेतही माझा ठिपका हिरवा. फोटो उघडला.

फोटोत मी होती. माझा मोरपंखी कुर्ता, माझा चष्मा. फक्त केसांले तेल चोपडलेलं अन् मधोमध भांग. मी जन्मात मधोमध भांग पाडला नाही.

रितिकाले बोलावून दाखवला. सिंधूताई असाच पाडायच्या, म्हणाली. मले भ्या वाटते. लिहून टाकलं, लपवत नाही.

१५ मे

मालकाचे पाय धरायचे बाकी ठेवले. ताईंचं नाव परत चालू केलं. खुर्ची पुसली, जुन्या जागी लावली. जाताना एक नाही, तीन बिलं अर्धी सोडली. ताई, चुकली मी, असं मोठ्यानं म्हटलं. स्वानंद हसला नाही.

१६ मे

बिलं तशीच. हात नाही लावला.

काल माझं नाव बरोबर साडेपाचले बंद झालं, असं रिपोर्टात आहे. मी तर पाचलेच निघाली होती. स्वानंद म्हणाला, ताई कधी वेळेवर घरी गेलीच नाही, तिले घरी होतं कोण? मग रिपोर्टातल्या साडेपाचावर बोट ठेवलं.

राजीनामा टाइप करायले बसली. अर्ध्यात स्क्रीन गेली. दुसरीकडून लॉगिन झालं म्हणे. परत टाकलं, परत बाहेर. नोकरी गेली खड्ड्यात. उद्या कागदावर लिहून देते अन् —

१७ मे, शनिवार. दुपार

राजीनाम्याचा कागद घेऊन स्कूटीनं आली, तर दार उघडत नाही. अंगठा लावला, पुसून लावला. मशीन म्हणते, सुरुची आत आहे.

काचेतून माझी खुर्ची दिसते. पाठ दिसते. मोरपंखी कुर्ता. रितिकानं तिच्यापुढे चहा ठेवला. मी काच वाजवली. रितिकानं पाहिलं, अन् — तिनं पडदा ओढून घेतला.

साडेपाच

पडदा सरला. खुर्ची रिकामी. माझी स्कूटी नाही. चावी माझ्या हातात आहे अन् स्कूटी —

सहा वाजून गेले. जिन्यावर

ऑटोनं आली. काजलकडे धावली. ती दार अर्धंच उघडून उभी. भूमिकाले तर तिची आई मघाशीच घेऊन गेली, म्हणाली. मी म्हटलं, काजल, मीच ना वं. तिनं साखळी लावली.

आमचं दार आतून बंद. कूलर चालू आहे. खोबरेल तेलाचा वास येऊन राहिला.

भूमिकाले हाका मारल्या. पोट्टी दाराशी आली. अनोळखी बाईले दार उघडायचं नाही, म्हणाली. मीच शिकवलं होतं. मी आई आहे वं, म्हटलं. ती म्हणाली, आई तर माझी वेणी घालून राहिली. मधोमध भांग पाडून.

आतून माझ्याच आवाजात कोणी तिले बोलावलं. ती गेली. हसत गेली.

एका नावावर एकच माणूस. मीच लिहिलं. दुसरा आला की पहिला आपोआप —